बॉस्टन, १०४.१

कानटोपी घ्या, मफलर घ्या. फेब्रुवारीतली बॉस्टनची थंडी थट्टेवारी न्यायची नाही. साल १९७९. बॉयल्स्टन स्ट्रीटवर, प्रुडेन्शियल टॉवरच्या पायथ्याशी तुम्ही उभे आहात. मान मागे टाकली की बावन्न मजले दिसतात, आणि त्यातल्या पन्नासाव्या मजल्यावर गावाचं रॉक स्टेशन आहे: डब्ल्यूबीसीएन, एफएम १०४.१. ऐकणारे नुसतं ‘बीसीएन’ म्हणतात. पण ज्यांचा आवाज ऐकायला लोक रेडिओ लावतात ती मंडळी आज वर नाहीतच. ती खाली, तुमच्या शेजारी, हातात फलक घेऊन येरझाऱ्या घालतायत.

१६ फेब्रुवारीला नव्या मालकांनी स्टेशनचा ताबा घेतला आणि त्याच दिवशी एकोणीस जणांना नारळ दिला. बाकीच्यांनीही काम टाकलं आणि सगळे रस्त्यावर आले. त्यांची युनियन कुठली, तर युनायटेड इलेक्ट्रिकल वर्कर्स. कारखान्यांतल्या विजेच्या कामगारांची. केस खांद्यापर्यंत वाढवलेले निवेदक आणि कारखान्यातले कामगार एकाच युनियनचे सभासद, हे त्या गावातच खपू शकतं.

खिशातला ट्रान्झिस्टर काढून कानाला लावा. १०४.१ चालू आहे. बदली माणसं आणून मालकांनी गाडा हाकलाय. गाणी ओळखीची आहेत, आवाज नाहीत. तुम्ही इथले नाही, तुम्हाला फरक कळणार नाही. पण शेजारून जाणारा एक टॅक्सीवाला काच खाली करतो, हॉर्न दाबतो आणि वर पन्नासाव्या मजल्याच्या दिशेने एक शिवी हासडतो. रेडिओवरच्या चार माणसांसाठी इतका जीव का तुटावा, हे इथे उभं राहून समजायचं नाही. अकरा वर्षं मागे चला.

१५ मार्च १९६८, शुक्रवार. रात्रीचे दहा वाजत आलेत. न्यूबरी स्ट्रीटवरच्या १७१ नंबरच्या इमारतीत तुम्ही जिना चढून आलात. टी. मिचेल हेस्टिंग्ज नावाच्या गृहस्थांनी दहा वर्षांपूर्वी पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी काढलेलं हे स्टेशन. बीसीएन म्हणजे बॉस्टन कॉन्सर्ट नेटवर्क. संगीत उत्तम, गल्ला रिकामा. अशा वेळी रे रीपन नावाचा एक वकील पुढे आला. बर्कली स्ट्रीटवरच्या एका जुन्या प्रार्थनास्थळात त्याने ‘बॉस्टन टी पार्टी’ नावाचा हॉल चालवलाय. तिथे पोरं रांगा लावून जे बँड ऐकतात, ते गावातल्या कुठल्याच मोठ्या स्टेशनवर वाजत नाहीत. एएमवर डब्ल्यूआरकेओ आहे: तीन मिनिटांचं गाणं, जिंगल, किंचाळणारा निवेदक, पुन्हा तीन मिनिटांचं गाणं. रीपनने हेस्टिंग्जकडून रात्रीचे तास मिळवले. रात्री अभिजात संगीत ऐकणारे असे किती असणार!

बूथमध्ये वाकून पाहा. जो रॉजर्स नावाचा तरुण बसलाय. हवेत जाताना त्याचं नाव ‘मिसिसिपी हॅरॉल्ड विल्सन’: ब्रिटनच्या पंतप्रधानांचं नाव, पुढे अमेरिकेतलं एक राज्य. कॉलेजच्या रेडिओवर हात साफ करून आलाय. त्याच्या बोटांकडे लक्ष द्या. रेकॉर्डवर सुई टेकवून तो हाताने रेकॉर्ड पुढे ढकलतो, पहिला सूर कुरकुरला की थांबतो, मग बोटाने पाव वेढा मागे घेतो. खाली तबकडी फिरायला लागली तरी वरची रेकॉर्ड त्याच्या बोटाखाली जागच्या जागी थांबलेली. बोट उचललं की गाणं पुऱ्या वेगात सुरू होतं, रडत-घसरत नाही. हे काम मशीन करत नाही. पुढचं गाणं कुठलं, ते आधीच्या गाण्याच्या शेपटाला कसं जुळेल, मध्ये बोलायचं की नाही, हे सगळं त्या बोटाच्या मालकाने ठरवायचं; कुणी यादी दिलेली नाही.

बोट उचललं जातं. क्रीम या ब्रिटिश बँडचं ‘आय फील फ्री’.

आता जिना उतरा, चार्ल्स नदीकडे चालत सुटा. कॉलेजांचं गाव आहे, विद्यार्थ्यांच्या खोल्यांत स्टिरिओ आलेत आणि एफएमचा स्टिरिओ आवाज त्यांवर खुलतो. आज रात्री फार खिडक्यांतून काही ऐकू येणार नाही. दोन महिने पुढे सरका. तोवर रॉक दिवसभर वाजू लागलंय. एका खिडकीत गाण्याची सुरुवात ऐकायची, चौथ्या खिडकीशी त्याचा मधला भाग, कोपऱ्यावरच्या खिडकीत शेवट. बुधवारी रात्री बिनाका गीतमालेच्या वेळी चाळीच्या गॅलरीतून चालत गेलेल्या माणसाला हा अनुभव समजावून सांगायची गरज नाही. तिथे अमीन सयानींचा आवाज दारादारांतून पुढे सरकायचा. इथे निवेदक हलक्या आवाजात, शेजारी बसलेल्याशी बोलावं तसं बोलतो. पहाटेच्या पाळीला पीटर वुल्फ असतो. हा पुढे जे. गाइल्स बँडचा गायक म्हणून जगभर गाजणार आहे. अजून झोप न येणाऱ्यांचा सोबती आहे.

१९७०मध्ये थोडं थांबू, कारण इथे सांगण्यासारखं बरंच आहे. स्टेशनात एक फोन सतत वाजतो. त्याला ‘लिसनर लाइन’ म्हणतात. काहीही विचारा. माझं मांजर हरवलंय, सांगाल का? न्यूयॉर्कच्या बाजूला कुणाची गाडी जातेय का, एक जागा हवी. मित्राने काहीतरी घेतलंय आणि तो विचित्र वागतोय, काय करू? फोन घ्यायला स्वयंसेवक असतात. त्यात बिल लिक्टेनस्टाइन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा होता. त्यानेच पुढे या स्टेशनवर माहितीपट केला. व्हिएतनामच्या बातम्या डॅनी शेक्टर सांगतो आणि स्वतःला ‘न्यूज डिसेक्टर’ म्हणवतो, म्हणजे बातमी चिरून आतलं दाखवणारा. गावात मोर्चा कुठे आहे आणि रात्री गिटार कुठे वाजणार आहे, दोन्ही एकाच ठिकाणी कळतं.

फार भारावून जाऊ नका मात्र. त्याच वर्षी स्टेशनवरून एक निवेदन गेलं: टायपिंग येत असेल आणि तुम्ही ‘चिक’ असाल, तर अमुक ठिकाणी मदत हवी आहे. पोरींना ‘कोंबडीचं पिल्लू’ म्हणण्याची ती पद्धत. क्रांतीच्या गप्पा मारणाऱ्यांनाही त्यात काही खटकलं नाही. ‘ब्रेड अँड रोझेस’ या गटाच्या बायका उठल्या आणि त्यांनी खरोखरची जिवंत पिल्लं आणून ऑफिसात सोडली. पिवळे गोळे टेबलाखालून चिवचिवत पळतायत आणि केसाळ क्रांतिकारक त्यांच्यामागे वाकून फिरतायत, हे दृश्य पाहायला मी तिकीट काढून गेलो असतो. पण त्यानंतर बायकांच्या कार्यक्रमांना तिथे जागा मिळाली. ऐकणाऱ्याने स्टेशनचा कान धरावा आणि स्टेशनने तो धरू द्यावा, एवढं जवळचं ते नातं होतं.

९ जानेवारी १९७३. न्यू जर्सीहून तेवीस वर्षांचा एक पोरगा आलाय, पहिला अल्बम दुकानात येऊन आठवडासुद्धा झालेला नाही. निवेदिका मॅक्सॅन सार्टोरी त्याला माइकसमोर बसवते. ब्रूस स्प्रिंगस्टीन. गावाबाहेर त्याला फारसं कुणी ओळखत नाही आणि गावातही नाही. याच मॅक्सॅनने एरोस्मिथ लावून लावून लोकांच्या कानी बसवला. चार वर्षांनी ‘द कार्स’ नावाच्या स्थानिक बँडची डेमो टेप तिच्या हाती पडली; अल्बम नाही, करार नाही, नुसती टेप. तिने ती हवेत सोडली, पुन्हा सोडली, फोन येऊ लागले. ज्यांना तुम्ही काल क्लबात चाळीस माणसांत ऐकलंत, त्यांचं गाणं आज ट्रॅफिकमध्ये शेजारच्या गाडीतून ऐकू येतं. आपण ओळखतो त्याला सगळं गाव ओळखू लागलं, हा आनंद फुकट मिळायचा.

आता १९७९च्या थंडीत परत या, आणि मघाचा टॅक्सीवाला पुन्हा पाहा.

संप तीन आठवडे चालला. काय झालं ते जवळून बघा, कारण पुढे तीस वर्षांनी याचाच हिशेब लागणार आहे. ऐकणाऱ्यांनी नुसतं हळहळून सोडून दिलं नाही. जाहिरातदार कोण होते? रेकॉर्डची दुकानं, स्टिरिओची दुकानं, क्लब. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे हेच श्रोते. गिऱ्हाईक संपकऱ्यांच्या बाजूने आहे म्हटल्यावर जाहिराती एकेक करून काढून घेतल्या गेल्या. बँड संपकऱ्यांसाठी फुकट वाजवायला उभे राहिले. पन्नासाव्या मजल्यावरून रॉक वाजत होतं आणि त्यातून पैसा येईना. मार्चमध्ये मालक नमले, काढलेल्यांना परत घेतलं.

श्रोत्याचं निघून जाणं हे हत्यार असतं. आपल्याकडेही एकदा ते चाललंय. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले, पुण्याचा माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टर भक्त. त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटसंगीताला जवळजवळ बाहेर काढलं. लोकांनी मोर्चे काढले नाहीत. त्यांनी सुई सरकवली आणि रेडिओ सिलोन लावलं. पाच वर्षांनी, ऑक्टोबर १९५७मध्ये, सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. पण हे हत्यार चालतं कधी? ज्याला सोडून जायचं त्याला तुम्ही हवे असाल तेव्हाच. दिल्लीला श्रोते हवे होते. १९७९मध्ये बीसीएनच्या मालकांनाही हवे होते, आणि नेमके बॉस्टनचेच हवे होते.

ते मालक कोण? मायकेल वीनर आणि जेराल्ड कॅरस. त्यांच्या कंपनीचं नाव पुढे सगळ्या अमेरिकेला माहीत झालं: इन्फिनिटी ब्रॉडकास्टिंग. १९७९मध्ये टॅक्सीवाल्यांपुढे हरलेली कंपनी पुढे एकेक शहर घेत वाढत गेली. ऐंशीच्या दशकावर फार रेंगाळत नाही. चांगला काळ होता, यू-टू पहिल्यांदा अमेरिकेत आले तेव्हा त्यांना उचलून धरणाऱ्यांत हे स्टेशन होतं, स्थानिक बँडची ‘रंबल’ स्पर्धा दर वर्षी गाजत होती. सगळं छान चाललेलं असतं तेव्हा लिहायला काही नसतं.

१९९६मध्ये उतरा. बीसीएन तुम्हाला दिसेल तसंच; पाटी तीच, नंबर तोच. फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी दूरसंचार कायद्यावर सही केली. देशभरात एका मालकाकडे जास्तीत जास्त चाळीस स्टेशनं, ही मर्यादा उडाली. मोठ्या शहरात एकट्याकडे आठपर्यंत चालतील असं ठरलं. १ एप्रिलला सकाळी १०४.१ लावा. वर्षानुवर्षं सकाळ म्हणजे चार्ल्स लॅक्विडारा आणि त्याचा ‘बिग मॅट्रेस’ हा कार्यक्रम. बॉस्टनच्या तीन पिढ्यांनी त्याच्या वेडगळ प्रश्नमंजुषेवर दात घासले. आज तो नाही, त्याची रवानगी दुसऱ्या स्टेशनवर झाली. आता सकाळी हॉवर्ड स्टर्न बोलतोय, न्यूयॉर्कमध्ये बसून, एकाच वेळी कितीतरी शहरांशी. ऐकणारे भरपूर आहेत. पण बर्फामुळे आज कुठला पूल बंद आहे हे त्याला माहीत नाही, असायचं कारणही नाही. त्याच वर्षी वेस्टिंगहाऊस-सीबीएसने सुमारे ४.९ अब्ज डॉलरना इन्फिनिटी घेण्याचा सौदा केला.

माझ्या मते स्टेशन गेलं ते इथे. पण अंत्यविधीला कुणी आलं नाही, कारण दवंडी पिटली गेली नाही. शिवाय त्या दिवशी खरोखर काही बंदही पडलं नव्हतं. संध्याकाळी गाणी लागत होती, स्थानिक बँडला अधूनमधून जागा मिळत होती. हळूहळू तुम्ही गाडीत सीडी लावू लागलात. मग खिशात आयपॉड आला. २००६ उजाडताना स्टर्न उपग्रह रेडिओवर गेला आणि त्याच्या जागी डेव्हिड ली रॉथला, म्हणजे एका अस्सल रॉक गायकाला, सकाळी बसवलं. तो काही महिनेच टिकला. गाणारा माणूस बोलणारा असतोच असं नाही.

आता २००९. १४ जुलैला सीबीएस रेडिओने जाहीर केलं: ९८.५वरचं पॉप स्टेशन १०४.१वर येईल, ९८.५वर क्रीडा-चर्चेचं नवं स्टेशन निघेल, आणि बीसीएन एफएमवरून जाईल. इंटरनेटवर आणि डिजिटल उपवाहिनीवर नाव राहील. पत्त्यांची फेरवाटणी, एका पानाला हातात जागा उरली नाही. शेवटच्या दिवसांत जुने निवेदक बोलावून आणले, आठवणी निघाल्या, लांब लांब गाणी लागली.

११ ऑगस्ट, मंगळवारची रात्र. क्विन्सीमधल्या एका सुपरमार्केटच्या आवारात, बंद गाडीत, तुम्ही मागच्या सीटवर आहात. पुढे पन्नाशीचा एक माणूस. दूध घेऊन झालंय, घरी जायला हरकत नाही, जात नाही. आवारात अशा आणखी दोन-तीन गाड्या आहेत, दिवे बंद, डॅशबोर्ड उजळलेले. मध्यरात्रीच्या सुमाराला पिंक फ्लॉइडचं ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ सुरू होतं आणि तेच शेवटचं गाणं. माणूस डोळे पुसतो.

त्याला विचारा, तुम्हाला तो ऐकू शकत नाही तरी विचारा: तू शेवटचं हे स्टेशन कधी लावलं होतंस? गेल्या महिन्यात बातमी आली तेव्हा. त्याच्या आधी? त्याला आठवणार नाही. हे मी खोडी काढण्यासाठी म्हणत नाही. त्याचं रडणं खोटं नाही. पण १९७९मध्ये त्याच्याकडे जे हत्यार होतं ते त्याने कधीच, न कळत, टाकून दिलं होतं. जो आधीच गेलाय तो ‘मी चाललो’ म्हणून कुणाला धमकावणार? आणि ऐकायचं कुणी? मालकाला या एका गावातून तीन-चार प्रकारचे श्रोते हवे होते आणि ते त्याला मिळत होते. ज्या रेकॉर्डच्या दुकानांनी तेव्हा जाहिराती मागे घेतल्या, त्यांतली बरीचशी आता नाहीत. एकोणिसांना काढलं तेव्हा भांडायला समोर माणूस होता. आता समोर फेरवाटणी होती.

१२ तारखेला सकाळी हाच माणूस कामावर निघतो आणि स्टिरिओचं चौथं बटण दाबतो. हात आपसूक गेला. त्या बटणावर पंचवीस वर्षं बीसीएन आहे, गाड्या बदलल्या तरी प्रत्येक गाडीत चौथं बटण तेच. बटण चालतं, ऑफिसात लावून ठेवायची छान, गुळगुळीत पॉप गाणी येतात. तो बटण बदलत नाही. महिनाभर चुकून दाबत राहतो आणि दर वेळी तेवढ्यापुरता चिडतो.

डब्ल्यूबीसीएन ही चार अक्षरं सीबीएसने शार्लटच्या एका एएम स्टेशनला दिली, नॉर्थ कॅरोलायनात, हजारभर किलोमीटर दूर. रंबल स्पर्धा दुसऱ्या स्टेशनच्या आसऱ्याने चालू राहिली, ही चांगली गोष्ट. काही श्रोते १०१.७वर, डब्ल्यूएफएनएक्सवर सरकले. तिथेही फार दिवस मुक्काम नव्हता: २०१२मध्ये ते क्लियर चॅनलला विकलं गेलं आणि जुलैत जाताना त्यांनी द क्युअरचं तेच गाणं लावलं जे १९८३मध्ये पहिल्या दिवशी लावलं होतं. गावात टेप घेऊन जायचं तर आता कुठे, हा प्रश्न बँडच्या पोरांनी आपापला सोडवला. टेप इंटरनेटवर टाकली. ती जगात कुठेही ऐकता येते. शेजारच्या गाडीतून मात्र ऐकू येत नाही, कारण शेजारच्या गाडीत दुसरंच काहीतरी चालू असतं.

एक सकाळ राहिली, ती पाहिल्याशिवाय निघू नका. १३ ऑगस्ट २००९, गुरुवार, ९८.५, द स्पोर्ट्‌स हब. नव्या स्टेशनची पहिली सकाळ. माइकवर टाउचर आणि रिच आहेत, म्हणजे कालपरवापर्यंत बीसीएनवर सकाळी बोलणारे तेच दोघे. पेट्रियट्‌स या फुटबॉल संघाचे सामने १९९५पासून बीसीएनवर होते, तेही इकडेच आलेत. गाणं एकही नाही. आहे ती वादावादी: बेसबॉलच्या रेड सॉक्सचा गोलंदाज, पेट्रियट्‌सचा गुडघा दुखावलेला क्वार्टरबॅक. फोन वाजतायत. कुणी वूस्टरहून, कुणी साउथ शोअरवरून. गावचे उच्चार, गावची भांडणं, कुठल्या रस्त्यावर अडकून बोलतोय तेही सांगतायत. काही वर्षांतच हे बॉस्टनमधल्या सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या स्टेशनांपैकी एक होणार आहे.

क्विन्सीच्या माणसाला क्रीडा-चर्चेचा तिटकारा आहे. पण पुलावर गाड्या खोळंबल्यात, आणि मघापासून कुणीतरी क्वार्टरबॅकबद्दल तद्दन चुकीचं बोलतंय. तो पुन्हा पुन्हा तोच नंबर फिरवतोय. लाइन बिझी आहे.